पाठीवरचं साहित्य

मी साहित्यिक नाही. पण साहित्याशी माझा जितका निकटचा संबंध आहे, तितका भल्याभल्या साहित्यिकांचा नसेल. रोज सकाळी साडेनऊला मी ते पाठीवर घेतो, सायकलवर टांग मारतो आणि वर्ध्याच्या रामनगरातून सेवाग्रामच्या रस्त्याला लागतो. साहित्य म्हणजे डबा एक, पाण्याची बाटली एक, चष्मा एक, पंक्चरचं सामान, पावसाळ्यात रेनकोट आणि परीक्षेच्या दिवसांत नववी 'ब'च्या गणिताच्या बेचाळीस उत्तरपत्रिका. आठ किलोमीटर जायचं, आठ यायचं. गेली एकवीस वर्षं हे चालू आहे. याला साहित्यसेवा म्हणायचं नाही, तर मग कशाला म्हणायचं?

आमच्या वर्ध्यात १९६९ साली साहित्य संमेलन झालं, पु. शि. रेगे अध्यक्ष होते. तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पण २०२३ च्या फेब्रुवारीत शहाण्णवावं संमेलन पुन्हा इथंच भरलं, तेव्हा मात्र मी मांडवात हजर होतो. भाषणं ऐकली नाहीत असं नाही, पण माझं खरं लक्ष लोकांच्या खांद्यांवर होतं. ज्या खांद्याकडे पाहावं तिथे एक पिशवी! कवींची लोंबती, प्रकाशकांची फुगलेली, श्रोत्यांची नुकतीच पुस्तकं घेतल्यामुळे एका बाजूला झुकलेली. आणि माझ्या मनात आलं, साहित्याची समीक्षा करणारे पोत्याने आहेत, पण ते साहित्य ज्यातून इकडून तिकडे जातं त्या पिशवीची समीक्षा कुणी केली आहे का? नाही. ही उणीव भरून काढण्याची पात्रता माझ्या पाठीत आहे. माझ्या पाठीवरून आजवर हातांनी घडवलेल्या तीन कृती गेल्या. त्यांचा हा परामर्श.

पहिली कृती, शबनम. हा आमच्या पाठीचा रोमँटिक कालखंड. बी.एड.ला असताना घेतलेली जाडीभरडी खादीची झोळी, लांबलचक एकच बंद, तोंडाला ना बटण ना झाकण. चालणाऱ्या माणसासाठी शबनमसारखी पिशवी नाही, हे मी आजही कबूल करतो. हात घालावा आणि हवं ते काढावं. पण ती चालणाऱ्यासाठी आहे. सायकलवाला पुढे वाकतो. तो वाकला की पिशवी पाठीवरून घसरून पोटाशी येते. मग उजवा गुडघा वर आला की डब्याला लागतो, डबा बाटलीला लागतो आणि दर पायडलमागे एक टाळ वाजतो. एकदा आर्वी नाक्यावर एका आजीबाईंनी मला हात जोडले. त्यांना वाटलं, दिंडी आली.

टाळापर्यंत ठीक होतं. पण एका उताराला तो लांबलचक बंद मागच्या चाकात गेला. आरे आणि खादी यांच्या झटापटीत खादी फाटली नाही, हे तिच्या विणीच्या बाजूने नमूद केलं पाहिजे. फाटलो मी. कोपराला चार टाके पडले. समीक्षेच्या भाषेत सांगायचं तर या कृतीत भावना उत्कट आहे, पण तिला आवर नाही.

दुसरी कृती रूपवादी. ही मी एका प्रदर्शनातून घेतली. कुठलं, ते विचारू नका. आमच्या हिने ती बघताक्षणी "अहो, किती गोड आहे!" असा अभिप्राय दिला आणि तिथेच मी सावध व्हायला हवं होतं. पिशवी काय अन् भजी काय, गोड म्हटली की काही तरी चुकलं आहे असं समजावं. पण पिशवी दिसायला होती खरी. हातमागाचं कापड, निळीचा रंग, पाठीवर घ्यायला दोन बंद, तोंडाला नाडी आणि नाडीच्या टोकाला लाकडी मणी. दोन बंद आहेत म्हणजे चाकात जाणार नाही, एवढंच मी पाहिलं. बाकी जे पाहायला हवं होतं ते पाहिलं नाही.

बंद म्हणजे दोऱ्याच होत्या. चार किलो वजन घेऊन त्या खांद्यात अशा रुतत, की संध्याकाळी सदरा काढला की जानवं दोन्ही खांद्यांवर! नाडी ओढून तोंड कितीही आवळलं, तरी मधे रुपयाएवढं भोक राहायचंच. आणि आमच्याकडचा पाऊस रुपयाएवढं भोक शोधतच आलेला असतो. त्या वर्षी घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका घेऊन मी निघालो, अर्ध्या वाटेत आभाळ फाटलं. घरी येऊन पिशवी उघडली तर वरच्या सात उत्तरपत्रिकांचा लगदा झाला होता. वरून पाऊस आणि बाजूंनी निळीचा रंग. त्या सात जणांची गणितं एकमेकांत विरघळून एकच मोठं, निळं, कुणालाच न सुटणारं गणित तयार झालं होतं.

इथे मला विनोद करवत नाही. सातांची फेरपरीक्षा घ्यावी लागली. त्यातली एक मुलगी पहिल्या दिवशी पेपर देताना हसत म्हणाली होती, "सर, समदे आले!" फेरपरीक्षेत तिला पंचवीसपैकी चौदा पडले. ती काही बोलली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं. तिने मुकाट्याने पेपर घडी घालून दप्तरात ठेवला. त्या दप्तराचं झाकण मात्र चांगलं तीन बाजूंनी खाली येणारं होतं, तेही मी तेव्हाच पाहिलं.

तर तिसरी कृती. ही कुणाकडून घ्यायची नाही, आपण स्वतः आखायची, असं मी ठरवलं. त्याला कारण झालं मगन संग्रहालय. मगनलाल गांधींच्या नावाने उभारलेलं हे संग्रहालय १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं. तिथे मी दरवर्षी वर्गाची सहल नेतो, म्हणजे खर्चही येत नाही आणि सहलही होते. तिथले चरखे पाहताना मला एक जुनी जाहिरात आठवली. १९२९ साली चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी १ लाख रुपयांचं बक्षीस लावलं होतं. त्याच्या अटी बघा. चरखा हलका आणि इकडून तिकडे नेता येण्याजोगा असावा. खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालवता यावा. बाईमाणसाला तो फार न थकता सलग आठ तास चालवता यावा. तेवढ्या वेळात १२ ते २० नंबरचं १६,००० फूट सूत निघावं. किंमत १५० रुपयांवर नको. आणि वेळेवर डागडुजी केली तर तो २० वर्षं टिकावा. बस्स! दिसायला गोड असावा, असं एकही कलम नाही. वस्तूची समीक्षा कशी करावी याचा इतका नेमका नमुना मी दुसरा पाहिला नाही. परीक्षकही इतके कडक, की ते बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

मी रात्री बसून माझ्या पिशवीच्या अटी लिहिल्या. एक, चार किलो वजन घेऊन आठ किलोमीटर गेल्यावर खांद्यावर वळ उमटता कामा नये. दोन, उत्तरपत्रिका न वाकता उभ्या राहाव्यात. तीन, मृगापासून हस्तापर्यंत आत थेंब जाऊ नये. चार, वर्ध्याच्या मे महिन्यात, म्हणजे पारा पंचेचाळिसाला टेकतो तेव्हा, पाठीला वारा लागावा. पाच, दहा वर्षं टिकावी. सहा, किंमत सातशेच्या वर नको. खाली भूमितीची पेटी घेऊन मी आकृतीही काढली. समोरून, बाजूने आणि वरून.

हा कागद घेऊन मी स्टेशनकडच्या रस्त्यावर गाड्यांची सीट कव्हरं आणि ट्रकची ताडपत्री शिवणाऱ्या एका भाऊंकडे गेलो. त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "सर, सायकल कोन चालवते? तुमी का हा कागद?"

"मी."

"मंग तुमी या ना जी सायकल घिऊन. कागद काहून धाडता?"

दुसऱ्या दिवशी भाऊंनी भर रस्त्यावर सायकल स्टँडवर लावून मला वर बसवलं, पाठीवर एक रिकामं पोतं बांधलं आणि पायडल मारायला सांगितलं. मी मारली. जागचा हललो नाही, पण बघणारे बरेच हलले. माझे दोन माजी विद्यार्थी जाता जाता "सर, हवा भरली का?" असं विचारून गेले. भाऊ मात्र खडू घेऊन माझ्याभोवती फिरत होते. त्यांनी माझ्या सदऱ्यावर तीन रेघा मारल्या आणि माझ्या आकृतीवर अभिप्राय दिला, "कागदावर तुमची पाठ सरळ हाय जी. सायकलवर कमान होते."

एकवीस वर्षं गणित शिकवणाऱ्या माणसाच्या आकृतीत मूळ रेषाच चुकली होती! पाठीची कमान झाली की उंच पिशवीचं टोक मानेवर आपटतं आणि मागून ट्रक येतोय का ते वळून बघता येत नाही. म्हणून भाऊंनी उंची चार बोटं कमी केली आणि तळ रुंद केला. जड वस्तू खाली आणि पाठीच्या जवळ, म्हणजे वळणावर ओझं आपल्याआधी वळत नाही. बंद वरच्या टोकाला एकमेकांच्या जवळ आणले, म्हणजे ते खांद्यावरून घसरत नाहीत. बंदांना पलंगाची रुंद सुती नवार लावली, कारण जी नवार रात्रभर अख्खं माणूस पेलते ती दिवसा डबा पेलणारच. जोडावर टाके चौकोनात फुली मारून घातले. पाठीच्या बाजूला कापडाच्या दोन उभ्या उशा आणि त्यांच्यामधे वारा जायला बोळ. ताडपत्रीच्या जाड सुती कापडाला मेण चोळून ते गरम इस्त्रीने मुरवलं. झाकण तीन बाजूंनी चांगलं वीतभर खाली आणलं. ते झाकण मी मुद्दाम सांगितलं होतं. का, ते भाऊंना सांगितलं नाही.

मग किंमत. भाऊ म्हणाले अकराशे. मी सहाव्या अटीवर बोट ठेवलं, "सातशे. बाजारात तयार पिशवी पाचशेला मिळते."

"मंग थे घ्या ना जी," भाऊ शांतपणे म्हणाले आणि दोरा ओवू लागले.

मी तिथेच स्टुलावर बसून मनात हिशेब मांडला. सामान साडेचारशेचं. काम दीड दिवसाचं. अकराशे दिले तर दीड दिवसाचे साडेसहाशे राहतात, सातशे दिले तर अडीचशे. म्हणजे माझी पाठ वाचवायला मी भाऊंचं पोट कापायला निघालो होतो. आणि मला त्या जाहिरातीची पुढची गोष्ट आठवली. १९२९ च्या अटींत किमतीला वरची मर्यादा होती. पण १९३५ साली, म्हणजे गांधीजी आमच्याच मगनवाडीत राहत होते तेव्हा, त्यांच्या आग्रहावरून चरखा संघाने ठरवलं, की सूत कातणारीला जगण्यापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, मग खादी महाग झाली तरी चालेल. मी जाहिरात पाठ केली होती, दुरुस्तीपत्रक वाचलं नव्हतं. सहावी अट मी भाऊंच्याच खडूने खोडली.

या कृतीला आता दोन पावसाळे झाले. समीक्षक म्हणून दोषही सांगितले पाहिजेत. मे महिन्यात पाठ घामाने भिजते ती भिजतेच. वाऱ्याच्या बोळातून जो येतो तो वारा नसून लू असते. पहिले दोन महिने मेणाचा वास इतका होता, की स्टाफरूममध्ये माझा डबा कुणी खाल्ला नाही. (हा दोष की गुण, यावर मतभेद आहेत.) आणि रंगरूप असं आहे, की परवा एका फाटकातून आवाज आला, "काकाजी, आमचं पार्सल आणलं काय?" आमची ही तर तिच्याकडे पाहून अजून काहीच म्हणत नाही. पण दोन वर्षांत एकही उत्तरपत्रिका भिजलेली नाही. कुणाचं उत्तर चुकलं असेल तर ते त्याने स्वतः चुकवलेलं आहे, माझ्या पिशवीने नाही. मास्तरच्या पिशवीकडून याहून जास्त अपेक्षा करू नये.

गेल्या महिन्यात एक टाका उसवला म्हणून भाऊंकडे गेलो, तर दुकानात खिळ्याला हुबेहूब माझीच पिशवी टांगलेली! पेपर टाकणाऱ्या एका पोराने सांगून करून घेतली होती. मी जवळ जाऊन पाहिली. तळ आणखी दोन बोटं रुंद, बाजूला न उतरता हात घालता येईल असा खण आणि झाकणाला मागून गाडीच्या दिव्यात चमकणारी पट्टी. मनात म्हटलं, हे आपल्याला कसं सुचलं नाही?

"भाऊ, ही तर माझ्यापेक्षा चांगली झाली!"

"हो जी," भाऊ टाका घालता घालता म्हणाले, "तुमची पयली होती ना."

दुसरी आवृत्ती निघाली, आणि तीही सुधारून वाढवलेली. तेवढं भाग्य किती साहित्यिकांना लाभतं?