वाघिणीचा राग आणि मराठी क्रियापदे

2 नोव्हेंबर 2018 रोजी रात्री यवतमाळ जिल्ह्यातील बोराटी गावाजवळ टी-1 ऊर्फ अवनी ही वाघीण गोळी घालून मारण्यात आली. 13 माणसांचे मृत्यू तिच्या नावावर नोंदलेले होते. या प्रकरणावरील मराठी लेखनात शेतकरी-गुराख्यांचे दुःख आहे, व्याघ्रप्रेमींचा संतापही आहे. परंतु वर्तनाचे वर्णन म्हणून ते ढिले आहे. एका पक्षाला ती ‘क्रूर’ वाटते, दुसऱ्याला ‘भयभीत माता’. दोघेही तिला माणसाचे मन उसने देतात.

मांजरांवरील जुने प्रयोग येथे उद्बोधक ठरतात. भुंकणारा कुत्रा समोर आणला असता मांजराच्या रक्तात अधिवृक्क ग्रंथीचा स्राव वाढतो, असे वॉल्टर कॅनन याने 1911 मध्ये दाखविले. पुढे 1962 मध्ये वासमन व फ्लिन यांना याहून मार्मिक गोष्ट आढळली. हायपोथॅलॅमसचा एक भाग विजेने चेतविला की मांजर केस पिंजारून, फिसकारून हल्ला करते. दुसरा भाग चेतविला की ते निःशब्दपणे उंदरावर झडप घालते. धोक्याला दिलेले उत्तर आणि शिकार या एकाच रागाच्या कमीअधिक मात्रा नव्हेत. त्यांची यंत्रणाच निराळी. जोसेफ लदू तर ‘भीती’ हा शब्द जाणिवेतील अनुभवापुरताच राखावा, असे म्हणतो.

डार्ट लागल्यावर वाघीण चवताळून वाहनावर आली, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी झाडली, असे सांगण्यात आले. शवविच्छेदनानंतर या विधानाविषयी शंका निघाल्या. म्हणजे वाद एका क्रियापदाचाच होता! ती खरोखर चवताळली असली, तरी तेवढ्याने ‘नरभक्षक’ ठरत नाही. उलट, जेथे प्रेत खाल्ले गेले तेथे ‘बिचारी भ्याली’ हे समर्थनही लंगडे पडते. शिकारीला भयाची गरज नसते.

वस्तुतः मराठीजवळ या भेदाची सामग्री आहे. बुजणे, बिथरणे, चवताळणे ही क्रियापदे प्रथम दिसणारे वर्तन सांगतात. अंतःकरणाचा दावा त्यांत फारसा नाही. (माणसालाही ती लागतात, हे खरे, पण लाजरे-बुजरे मूलसुद्धा वागण्यावरूनच तसे ठरते.) ‘सूड’, ‘क्रौर्य’, ‘दहशत’ ही नामे मात्र हेतू गृहीत धरतात. वाघाच्या वासाने कळप उधळला, तर गुराखी ‘ढोरे बुजली’ एवढेच म्हणतो. बातमीत त्याचेच ‘जनावरांमध्ये भीतीचे वातावरण’ होते.