पाहुणा तारपा

आमच्या जव्हार-मोखाड्यात तारपा दोन ठिकाणी वाजतो. भात तयार झाले की पाड्यावर, आणि पुढारी आले की स्वागत समारंभात. पाड्यावर तारपावादक वळेल तसा फेर वळतो. समारंभात त्याने कुठे उभे राहायचे ते संयोजक ठरवतो. वाद्य तेच, पण एका ठिकाणी तो धनी, दुसऱ्या ठिकाणी शोभा. लोकसंगीत आणि पॉप यांच्या मिश्रणाचे आपण जे कौतुक करतो ते हा फरक ध्यानात घेऊन करतो काय?

आयर्लंडमधील डंडॉकच्या चार भावंडांचा 'द कॉर्स' हा वाद्यवृंद घ्या. १९९५ मध्ये त्यांचा पहिला संग्रह आला. पत्र्याची बासरी, बौरान हे चामड्याचे वाद्य आणि व्हायोलिन त्यांनी पॉपमध्ये आणले. वाजवणारे तेच, नावही त्यांचेच. पण त्यांची बहुतेक गाणी इंग्रजीत आहेत. २००५ च्या 'होम' या संग्रहात ते पारंपरिक गाण्यांकडे वळले, तेव्हा आयरिश भाषेला मोजकी जागा मिळाली. सत्ताधाऱ्यांच्या भाषेने लोकभाषा मागे सारली, तरी वाद्य वाजत राहू शकते, हे त्यातून दिसते.

आता मुंबईचा 'स्वदेशी' हा रॅप गट पाहा. २०१९ मध्ये त्यांनी 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले, आरेच्या केलटीपाड्यातील आदिवासी कलावंत प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील २,००० हून अधिक झाडे तोडली गेली. ज्याचे जंगल जाणार होते त्याचाच आवाज गाण्यात होता, हे या गाण्याचे मोठेपण. त्याचे नावच वाचकाला १९४५ च्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाकडे आणि तलवाड्याच्या गोळीबारात पडलेल्या जेठ्या गांगडकडे नेते. गटातील धर्मेश परमार २०२२ मध्ये अवघ्या चोविसाव्या वर्षी गेला. तो गुजरातीत रॅप करी. आपापल्या भाषेत बोलण्याची या गटाची हिंमत मला मोलाची वाटते.

तरीही एक आक्षेप नोंदवला पाहिजे. भोईर या गाण्यात पाहुणे कलावंत आहेत. घर दुसऱ्याचे आहे. पाहुण्याला मान मिळतो, पण पुढचे गाणे कोणते हे तो ठरवीत नाही.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. शहरात शिकताना घरची बोली मी लपवली. आज वर्गात माझे विद्यार्थी वारली बोली लपवतात. स्नेहसंमेलनात मात्र आम्ही त्यांच्याकडून तारपा नाच मागतो. ही मागणी करणाऱ्यांत मीही आहे. वाद्य हवे आणि बोली नको, हा व्यवहार आपण शिक्षकांनी आधी थांबवला पाहिजे. ज्या दिवशी ही मुले आपल्या बोलीत, आपल्या नावाने, स्वतःचा वृंद उभारतील, त्या दिवशी तारपा पाहुणा राहणार नाही.