निवडणं सोपं, निभावणं अवघड

19 डिसेंबर 2023. दुबईतल्या आयपीएल लिलावात कोलकात्यानं मिचेल स्टार्कला 24.75 कोटींना घेतलं. पहिल्या दोन सामन्यांत त्यानं 100 धावा दिल्या, विकेट शून्य. ड्रीम इलेव्हनवर आपण त्याला लगेच काढलं असतं. तिथे तेव्हा दर सामन्याला नवी टीम असायची, त्यामुळे फसलेल्या निवडीचं ओझं उरतच नसे. कोलकात्याचे पैसे मात्र अडकले होते. त्यांनी त्याला खेळवत ठेवलं आणि फायनलमध्ये तोच सामनावीर ठरला.

फँटसी क्रिकेटची खरी उणीव हीच: निवड आहे, निभावणं नाही. दुबई-शारजातल्या मित्रांत लीग चालवायचीच असेल, तर लिलाव एकदाच करा, एक खेळाडू एकाच मालकाकडे ठेवा आणि सीझनभर सांभाळा. मॅनेजरगिरी तिथून सुरू होते.