कार्यसंस्कृती आणि कौटुंबिक जीवन : 'अधांतर' व कोकणातील चाकरमानी

प्रस्तावना

कार्यसंस्कृती म्हणजे केवळ कामाच्या ठिकाणची शिस्त नव्हे. कामाचे वेळापत्रक माणसाच्या घरातही शिरते आणि जेवण, झोप, सणवार, पती-पत्नीचे सहजीवन व मुलांचे संगोपन यांना आकार देते. या संदर्भात जपानचे उदाहरण नेहमी दिले जाते. तेथे कंपनीने बदली केल्यावर कुटुंब मागे ठेवून एकट्याने राहण्याच्या रीतीला 'तान्शिन फुनिन' असे नाव आहे. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूला 'करोशी' म्हणतात आणि त्याच्या प्रतिबंधासाठी जपानने २०१४ साली कायदाही केला. कोकणाला मात्र कामापायी दुभंगलेले घर त्याआधी कितीतरी वर्षांपासून परिचित आहे. 'चाकरमानी' हा शब्द त्याचीच साक्ष देतो. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाच्या आधारे या अनुभवाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गिरणीचे वेळापत्रक आणि दोन घरे

मुंबईत १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्हा हा त्यांना मनुष्यबळ पुरवणारा एक प्रमुख प्रदेश ठरला. तुटपुंजी मजुरी, एका खोलीत अनेकांचा निवास व बदली कामगाराची अनिश्चित रोजंदारी यांमुळे पुष्कळांना कुटुंब मुंबईत आणणे परवडत नसे. परिणामी भोंगा आणि पाळी यांनी गिरणगावातील दिनक्रम ठरवला. एक पाळीवर गेला की दुसऱ्याला पथारी पसरण्यास जागा होई. जेवणाची सोय खानावळवालीकडे असे. अशा स्त्रियांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली.

गावाकडील घरावरही गिरणीचाच अंमल होता. मनीऑर्डर आल्यावर वाण्याची उधारी फिटे. घरधनी गणपतीला व शिमग्याला रजा घेऊन येई, त्यामुळे घराची दुरुस्ती, सोयरिकीची बोलणी व भाऊबंदकीचे वाद त्या चार दिवसांसाठी राखून ठेवले जात. उरलेले वर्ष भातलावणी, गुरे, म्हातारी माणसे व मुले यांचा भार स्त्रीच वाही. इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवून दिले आहे की, गावाशी असलेले नाते हे कामगाराच्या मागासलेपणाचे लक्षण नसून संपकाळात तग धरण्याचे त्याचे बळ होते. मात्र हे बळ ज्यांच्या श्रमातून उभे राहिले, त्या स्त्रियांच्या कष्टांना 'काम' ही संज्ञा मिळाली नाही.

येथे जपानशी असलेला भेदही लक्षात घ्यावा लागतो. तेथील नोकरदार कायम नोकरीच्या हमीची किंमत म्हणून कुटुंबापासून दूर राहिला, तर गिरणी कामगार हमी नसल्यामुळे दूर राहिला.

'अधांतर'चे सामर्थ्य व मर्यादा

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. १९९७ साली रंगभूमीवर आलेल्या 'अधांतर'मध्ये या संपानंतरच्या एका कुटुंबाची कहाणी आहे. त्याकडे बहुधा बेकारीची शोकांतिका म्हणून पाहिले जाते. हे वाचन योग्य असले तरी अपुरे आहे. काम गेले तरी कामाने घडवलेली मूल्यव्यवस्था मागे उरते, हे या नाटकाचे खरे निरीक्षण आहे. लेखनाची आस असलेला बाबा, क्रिकेटमध्ये रमलेला मोहन आणि गुन्हेगारीकडे ओढला गेलेला नरू हे तिघेही 'कमावता पुरुष' या एकाच मापाने मोजले जातात. ते माप पुरवणारी गिरणी मात्र आता उरलेली नाही. घर सावरून धरणारी आई व मुलगी मंजू यांच्या वाट्याला या कोंडीची झळ येते. सारे नाट्य चाळीच्या एका खोलीत घडवून नाटककाराने ही घुसमट प्रेक्षकांपर्यंत नेमकी पोहोचवली आहे.

मात्र हीच खोली नाटकाची मर्यादाही ठरते. कामगाराचे दुसरे घर, म्हणजे गाव, रंगमंचाबाहेरच राहते. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांनी सांभाळलेले नारायण सुर्वे मुंबईत राहिले आणि कवी झाले. गंगाराम मात्र निवृत्तीनंतर कोकणात परतले. मराठी साहित्याने पहिल्याचे शहर जितक्या आस्थेने रेखाटले, तितक्या आस्थेने दुसऱ्याच्या परतीची दखल घेतलेली दिसत नाही. गिरण्या बंद पडल्यावर गावच्या चुलीचे काय झाले, हा प्रश्न 'अधांतर'च्या कक्षेत येत नाही.

निष्कर्ष

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे २००१ साली ११३६ व २०११ साली ११२२ स्त्रिया होत्या. या दशकात जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. १९९८ साली पूर्ण मार्गावर सुरू झालेल्या कोकण रेल्वेने प्रवास सुलभ केला, परंतु स्थलांतर थांबवले नाही. भोंगा बंद झाला, तरी घराचे वेळापत्रक आजही दूरच्या नोकरीच्या रजेवर ठरते. म्हणूनच 'अधांतर'चे मोल मान्य करतानाच, या कहाणीचा गावाकडील अर्धा भाग अद्याप पुरेसा लिहिला गेलेला नाही, असे नोंदवावे लागते. तो लिहिला जाईल तेव्हा त्याच्या केंद्रस्थानी वेतन मिळवणाऱ्या पुरुषाबरोबरच, वेतनाविना राबणारी त्याची गावाकडील सहचारिणीही असावी लागेल.