बाटलीभर द्रव आणि वीस टक्के बचत

डिझेलच्या टाकीत किंवा इंजिन ऑइलमध्ये ओतण्यासाठी जी पूरक द्रव्ये बाजारात मिळतात, त्यांच्या बाटल्यांवर बहुधा तीन वाक्ये असतात : इंधन पूर्ण जळते, झीज थांबते, आणि १० ते २० टक्के बचत होते. तिसरे वाक्य ठळक अक्षरांत असते. रत्नागिरीसारख्या ठिकाणी ते नजरेत भरणे साहजिकच आहे. मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या यांत्रिक नौकेच्या प्रत्येक फेरीत सर्वांत मोठा खर्च डिझेलचा. बऱ्याच नौकांवर हा खर्च मासळीच्या विक्रीतून आधी वजा होतो आणि उरलेल्या रकमेची मालक व खलाशी यांच्यात वाटणी होते. म्हणजे बाटलीचे पैसे नकळत खलाशाच्या पदरातूनही जातात. म्हणून या तीन वाक्यांची तपासणी करायला हवी, आणि त्यासाठी शाळेतले विज्ञान पुरेसे आहे.

प्रथम ‘पूर्ण ज्वलन’ पाहू. डिझेल इंजिनात हवा नेहमी गरजेपेक्षा जास्त घेतली जाते, त्यामुळे सुस्थितीतल्या इंजिनात सुमारे ९८ टक्के किंवा त्याहून अधिक इंधन जळतेच. मग काळा धूर कसला? तो काजळीचा. काजळीचे कण सूक्ष्म असल्याने प्रकाश फार अडवतात, आणि वजनाने नगण्य असलेला धूर डोळ्यांना मोठा लोट वाटतो. तो दिसू लागला तर नॉझल, हवेची गाळणी आणि इंजिनावरचा भार पाहावा. इंधनातली ऊर्जा वाया जाते ती न जळल्यामुळे नव्हे. जळून निर्माण झालेल्या उष्णतेचा मोठा भाग धुराड्यातून आणि थंड करणाऱ्या पाण्यातून निघून जातो; पंख्याच्या दांड्यापर्यंत पोचते ती साधारण एक तृतीयांश ते ४० टक्के. हे उष्मागतिकीचे बंधन आहे, ते बाटलीने सुटत नाही. न जळलेले दोन टक्के जाळून वीस टक्के बचत कशी होणार, हा प्रश्न नववीचा विद्यार्थीही विचारू शकेल.

घर्षणाचेही तसेच. भाराखाली चालणाऱ्या इंजिनात दट्ट्यावर मिळालेल्या कार्यापैकी साधारण १० ते १५ टक्के कार्य इंजिनातल्याच घर्षणात आणि त्याचे पंप चालवण्यात खर्ची पडते. सगळे घर्षण जादूने नाहीसे झाले, तरी बचत त्यापलीकडे जाणार नाही. तेलात टेफ्लॉनची पूड मिसळून विकल्या जाणाऱ्या ‘स्लिक ५०’ या अमेरिकी उत्पादनाविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९९६ मध्ये कारवाई केली. झीज कमी होते या दाव्यांना पुरेसा आधार नाही, असे आयोगाचे म्हणणे होते. १९९७ मध्ये असे दावे पुराव्याविना न करण्याचे कंपनीने मान्य केले.

शिवाय आपण ज्याला ‘साधे’ ऑइल म्हणतो ते साधे नसतेच. डिझेल इंजिनासाठीच्या चांगल्या तेलात पूरक द्रव्यांचा वाटा बराच मोठा असतो : आम्ले मारणारे कॅल्शियमचे क्षार, काजळी तरंगती ठेवणारी द्रव्ये, झीज रोखणारे जस्त-फॉस्फरसचे संयुग, फेस रोखणारे सिलिकोन. यांचे प्रमाण इंजिनावर दीर्घ चाचण्या घेऊन ठरवलेले असते. धातूच्या पृष्ठभागावर जागा मिळवण्यासाठी ही द्रव्ये आपसांत स्पर्धा करतात. बाहेरून आणखी काही ओतले की हा समतोल बिघडू शकतो. आमटीत मीठ बेताचे असताना मीठ चांगले म्हणून आणखी मूठभर टाकण्यासारखे हे आहे.

याला एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ इंधन आले आणि ही मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे हजारपटीने कमी झाली. ‘गंधक गेले, डिझेल कोरडे झाले, पंप झिजणार, म्हणून टू-स्ट्रोक ऑइल मिसळा’ असा सल्ला त्यावरून दिला जातो. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधली नैसर्गिक वंगणकारी संयुगेही निघून जातात हे खरे आहे. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकाच्या आरंभी अत्यल्प गंधकाचे डिझेल आल्यावर इंजेक्शन पंप झिजल्याचे अनुभव आले. पण तेव्हाच त्यावर उपाय झाला. आता वंगणक्षमतेची मर्यादा डिझेलच्या मानकातच आहे : ठरावीक चाचणीत पोलादी गोळीवर पडणारा झिजेचा डाग ४६० मायक्रोमीटरपेक्षा मोठा असता कामा नये. त्यासाठी लागणारे द्रव्य आवश्यक तेथे पंपावर येण्यापूर्वीच मिसळलेले असते. टू-स्ट्रोक ऑइल हे वेगळ्या इंजिनासाठी बनवलेले तेल आहे. नव्या इंजिनांच्या बारीक नॉझलांत त्याचा प्रयोग करू नये.

एवढे असूनही ‘आम्ही वापरले आणि फरक पडला’ असे प्रामाणिकपणे सांगणारे लोक भेटतात. त्यांना खोटे ठरवण्याचे कारण नाही. फरक पडलेला असतोच. प्रश्न असतो तो कशामुळे पडला, हा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत नौका वर ओढली जाते, तळाला चिकटलेले शेवाळ आणि बार्नॅकल खरवडले जातात, रंग लागतो, नॉझल साफ होतात, तेल आणि गाळण्या बदलतात. नवी बाटली आणली जाते ती याच वेळी, ऑगस्टच्या पहिल्या फेरीसाठी. मग ऑगस्टच्या डिझेलची तुलना मे महिन्याच्या डिझेलशी होते! खरबरीत तळाची नौका आणि गुळगुळीत तळाची नौका यांच्या खपात चांगलाच फरक असतो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे बाटलीला श्रेय मिळते.

दुसरे कारण अधिक गमतीचे आहे. बाटलीवर पैसे घातलेला मनुष्य खपावर लक्ष ठेवू लागतो आणि तांडेलाचा हात थोडा आवरता होतो. नौका रेटायला लागणारी शक्ती ढोबळमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग ताशी ८ सागरी मैलांवरून ७ वर आणला तर शक्ती सुमारे ६७ टक्केच लागते. वेळ जास्त लागतो तो धरूनही तेवढ्याच अंतराला डिझेल सुमारे २३ टक्के कमी लागते. बाटलीवर लिहिलेली बचत येथे खरोखर मिळते, आणि फुकट मिळते. गणिताच्या तासाला घातांक शिकवताना हे उदाहरण अवश्य घ्यावे.

खरी चाचणी कशी असावी? एकाच हंगामात, तळ व इंजिन यांत बदल न करता, काही फेऱ्या द्रव्यासह, काही त्याविना आणि पुन्हा द्रव्यासह कराव्यात. कोणत्या फेरीत काय आहे हे तांडेलाला कळू देऊ नये. खप टाकीच्या मापाने मोजावा. सोसायटीच्या नोंदीत खरेदी असते, खप नव्हे. आणि साध्या फेऱ्यांमध्येच आपसांत किती चढउतार होतो ते आधी पाहावे. तो १० टक्के असेल, तर दोन-तीन फेऱ्यांत दिसलेल्या ५ टक्के बचतीला अर्थ उरत नाही. अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी हा उत्तम प्रकल्प आहे, मालक तयार असेल तर.

मग सगळीच पूरक द्रव्ये निरुपयोगी का? नाही. लडाखच्या थंडीत डिझेलमधले मेण गोठते. तेथे इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल आणले. रत्नागिरीला त्याचे काम नाही. येथला शत्रू दमटपणा आहे. अर्धी रिकामी टाकी दोन महिने उभी राहिली की हवेतली वाफ आत निवळते, पाणी तळाशी बसते आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर बुरशी व जिवाणू वाढतात. ऑगस्टमध्ये गाळणी तुंबते ती या बुळबुळीत थराने. अशी वाढ झालीच तर जंतुनाशक पूरक द्रव्य मोजक्या मात्रेत वापरणे शास्त्रीय आहे. पण बंदीपूर्वी टाकी शक्य तितकी भरून ठेवली, झाकणाचे वायसर बदलले आणि तळाच्या तोटीतून अधूनमधून पाणी काढून टाकले, तर बहुधा त्या बाटलीचीही गरज पडत नाही.