‘कोरोनामुक्त’ या शब्दाचं काय करायचं?

६ ऑगस्ट २०२१ला भंडारा जिल्ह्यातला शेवटचा नोंदलेला कोरोना रुग्ण बरा होऊन घरी गेला. त्या दिवशी ५७८ जणांची तपासणी झाली, एकही पॉझिटिव्ह निघाला नाही. बातमी देशभर फिरली: भंडारा राज्यातला पहिला कोरोनामुक्त जिल्हा. ही बातमी आता पुन्हा नीट वाचायला हवी.

आकडे तिच्यात भरपूर आहेत. पहिला रुग्ण २७ एप्रिल २०२०ला गराडा बुद्रुकमध्ये सापडला. १२ एप्रिल २०२१ला एकाच दिवसात १,५९६ रुग्ण. एकूण ४,४९,८३२ तपासण्या, ५९,८०९ बाधित, १,१३३ मृत्यू. माझी तक्रार आकड्यांबद्दल नाही, ‘मुक्त’ या शब्दाबद्दल आहे. आकडा म्हणतो, ‘आज कोणी सापडलं नाही.’ शब्द म्हणतो, ‘आता कोणी नाहीच.’

संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे. इतक्या तपासण्यांत शून्य सापडलं, तर ३ला त्या संख्येने भागा. ३ भागिले ५७८, म्हणजे साधारण अर्धा टक्का. हे लोक जिल्ह्यातून चिठ्ठ्या टाकून निवडले असते, तरी ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता आलं असतं की बाधितांचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या वर नाही. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख. तिचा अर्धा टक्का म्हणजे ६ हजार. इतके रुग्ण लपले होते, असं मी म्हणत नाही. तपासणीला बहुधा लक्षणं असलेले किंवा रुग्णाच्या संपर्कातले लोक येतात, त्यामुळे खरा आकडा बराच कमी असणार. पण तो शून्यच आहे, हे ५७८ तपासण्या सांगू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट. त्याच वर्षी जून-जुलैमध्ये आयसीएमआरच्या चौथ्या सेरो सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सुमारे ५८ टक्के लोकांमध्ये अँटीबॉडीज आढळल्या होत्या. त्यात राज्यातले सहाच जिल्हे होते, भंडारा नव्हता. लसीमुळे तयार झालेल्या अँटीबॉडीजही त्यात आल्या. तरी ५९,८०९ म्हणजे लोकसंख्येच्या जेमतेम ५ टक्के. मग न नोंदलेले किती? मी वाचलेल्या बातम्यांत हा प्रश्न कुठेच नाही.

याचा दोष मी बातमीदाराला देणार नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी धान खरेदी, वाघाचा हल्ला, हायवेवरचा अपघात आणि आरोग्य हे सगळं बऱ्याचदा एकच माणूस बघतो. प्रेसनोट संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर येते आणि पान तर लवकर लावायचं असतं. त्याच वर्षी ९ जानेवारीला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागून १० बाळं गेली, तेव्हा राज्यभरातून पत्रकार आले आणि अग्निसुरक्षेवर थेट प्रश्न विचारले गेले. आग दिसते. आकड्याचा चुकीचा अर्थ दिसत नाही, तो दाखवायला वेळ आणि माहिती लागते.

महासाथीत पत्रकारांना ‘कोरोना योद्धा’ म्हणून प्रशस्तिपत्रं मिळाली. त्यापेक्षा तालुकावार तपासण्यांची एक साधी फाइल जास्त कामाची होती: आरटीपीसीआर किती, अँटिजेन किती, कोणत्या गावात किती. फोटो किंवा पीडीएफ नको, बेरीज करता येईल अशी शीट. आणि प्रेसनोट छापण्याआधी फोन उचलेल असा साथरोगाचा एखादा जाणकार. आमच्या क्षेत्रातल्या लोकांनी यातलं थोडं काम करून दाखवलं. ‘कोविड-१९ इंडिया’च्या स्वयंसेवकांनी दीड वर्षाहून अधिक काळ सरकारी बुलेटिनांमधले आकडे गोळा करून सगळ्यांसाठी खुले ठेवले. ३१ ऑक्टोबर २०२१ला ते काम थांबलं. जी माहिती सरकारकडे होतीच, ती वापरता येईल अशा रूपात आणायला लोकांना फुकट राबावं लागलं, हे मला अजून खटकतं.

त्या दिवशीचा मथळा असाही होऊ शकला असता: ‘भंडाऱ्यात आज एकही रुग्ण सापडला नाही; तपासण्या सुरूच.’ तो कमी शेअर झाला असता. पण पाच महिन्यांनी, जानेवारी २०२२मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, तेव्हा त्यातला एक शब्दही मागे घ्यावा लागला नसता.