एस्था गप्प का झाला?

आज अरुंधती रॉय यांची 'द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज' घेतलीय, पण जात आणि वेलुथा हा विषय नको. १९९७ पासून त्यावर भरपूर बोललं गेलंय. मला एस्थाबद्दल बोलायचंय.

सात वर्षांचं पोर. 'साउंड ऑफ म्युझिक' बघताना गाणं थांबवता येईना म्हणून अभिलाष टॉकीजच्या लॉबीत येतं. तिथे शीतपेयं विकणारा माणूस त्याच्या हातून नको ते करवून घेतो. वर आई त्या माणसाचं कौतुक करते! तिला काय माहीत. एस्था सांगत नाही.

पण तो एक हात अंगापासून लांब धरतो, जणू तो त्याचा नव्हेच. मानसोपचारात याला 'डिसोसिएशन' म्हणतात. सहन होईना की मन त्या अवयवापासून, त्या क्षणापासून, कधी स्वतःपासूनच फारकत घेतं. डीएसएम-५ ने पीटीएसडीचा असा उपप्रकार २०१३ मध्ये नोंदवला. कादंबरी त्याच्या सोळा वर्षं आधीची.

त्या माणसाला आपला लोणच्याचा कारखाना माहीत आहे, ही धास्ती एस्थाला सुटत नाही. जॅम ढवळता ढवळता तो ठरवतो, आपण तयारीत राहायचं. मग नाव, मग नदीपलीकडचं रिकामं घर. आपण हे सगळं सोफी मोलच्या बुडण्याची पूर्वतयारी म्हणून वाचतो. मला उलट वाटतं. कथानकच त्या धास्तीने ढकललं जातं.

एकतिसाव्या वर्षी परत आलेला एस्था कपडे धुतो, बाजार करतो, मैलोन्‌मैल चालतो. बोलत नाही. पोलीस ठाण्यातल्या त्या एका 'हो'मुळे तो असा झाला, असं सांगितलं जातं. ते खरंही आहे. पण त्या 'हो'च्या आधी टॉकीज आहे. मी एका जुन्या लेखात याला 'मौन' म्हटलं होतं, ते चुकलंच. मौन धरायला माणूस मोकळा असावा लागतो. हा गप्प झालाय.

माझी तक्रार वेगळी आहे. मोठा एस्था आपल्याला बहुतेक बाहेरूनच दिसतो, राहेलच्या नजरेतून. शेवटाकडे ही जुळी भावंडं शरीराने जवळ येतात, तेव्हा त्याला काय झालं, हे लेखिका जवळजवळ सांगतच नाही. ज्याच्या शरीरावर लहानपणी परक्याने हक्क गाजवला, त्याच्याबाबत हे गाळून कसं चालेल? सुंदर भाषेत तो प्रसंग निसटतो. मला तो आजही पटलेला नाही. तुम्हाला पटला असेल तर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा.